रेसिडेन्सीचे सिग्नल: अमेरिकेत अर्ज करणाऱ्या डॉक्टरांना पडणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठीची परीक्षा, देणाऱ्यांच्या ग्रुपवर स्कोअरची चर्चा मागे पडते आणि सिग्नलची सुरू होते. गोल्ड, म्हणजे सगळ्यात वजनदार सिग्नल, कुणाला द्यायचे, मोठ्या नावाच्या हॉस्पिटलला एक टाकून बघावा का, कॉलेजच्या सीनियरने जिथे दिला तिथेच आपणही द्यावा का. खालचे प्रश्न याच चर्चांमधले आहेत. उत्तरं मुख्यतः भारतात एमबीबीएस केलेल्या, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘आयएमजी’ (इंटरनॅशनल मेडिकल ग्रॅज्युएट) उमेदवारांसाठी आहेत. पण ही पद्धत मुळात अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी बेतलेली आहे, त्यामुळे त्यांचं काय चालतं तेही मधूनमधून बघावं लागेल.

सिग्नल म्हणजे नेमकं काय?

‘तुमच्या प्रोग्राममध्ये मला खरोखर रस आहे’ असं ठरावीक प्रोग्रामना, म्हणजे हॉस्पिटलांच्या रेसिडेन्सीच्या (एमबीबीएसनंतरच्या प्रशिक्षणाच्या) अभ्यासक्रमांना, अधिकृतपणे कळवायची सोय. अर्ज तुम्ही शंभर ठिकाणी करा. सिग्नल मात्र त्या शाखेने ठरवून दिलेत तेवढेच, कुठे ५, कुठे १५, कुठे ३०. बहुतेक शाखांमध्ये ते एएएमसी या अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या ‘इरास’ या ऑनलाइन अर्जातच भरायचे असतात आणि त्यासाठी वेगळी फी नसते. इंटरव्ह्यूला कुणाला बोलवायचं हे ठरवताना प्रोग्रामने ते बघावेत, अशी अपेक्षा आहे. त्यापुढे सिग्नलचं काम संपतं, निदान कागदावर तरी.

म्हणजे नीट-पीजीच्या चॉइस फिलिंगसारखंच ना?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. देशपातळीवरच्या एमसीसीच्या किंवा राज्याच्या सीईटी सेलच्या काउन्सेलिंगमध्ये तुमची रँक आधीच ठरलेली असते. कॉलेज तुमचा अर्ज वाचत नाही. तुमची यादी वरून खाली तपासली जाते आणि रँकमध्ये बसणारी पहिली जागा मिळते. म्हणून तिथे सगळ्यात आवडती जागा सगळ्यात वर लिहायची, मिळो न मिळो; लिहिल्याने काही बिघडत नाही.

अमेरिकेत या यादीचं काम करते ती ‘रँक ऑर्डर लिस्ट’. ती इंटरव्ह्यू संपल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास भरतात. सिग्नल त्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबरमध्ये, एकही इंटरव्ह्यू झालेला नसताना जातात. त्या वेळी समोर माणसं बसलेली असतात आणि ती आपला अर्ज उघडणार का, हाच खरा प्रश्न असतो. रँक लिस्टमध्ये अशक्य जागा वर लिहिली तर नुकसान शून्य. सिग्नलमध्ये अशक्य जागा लिहिली तर मोजक्यांतला एक गेला.

ही भानगड सुरू का झाली?

अर्ज फार झाले म्हणून. एक बटण दाबलं की अर्ज जातो, मग दहा जास्त का करू नयेत? प्रत्येकाने असा विचार केला आणि प्रोग्रामकडे एकेका हंगामात शेकडोंनी, इंटर्नल मेडिसिनसारख्या शाखेत हजारोंनी अर्ज जमू लागले. इतके अर्ज कोण वाचणार? मग चाळणी लागते, आणि सगळ्यात सोपी चाळणी म्हणजे आकडा. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप वनला, आकडाच राहिला नाही, फक्त पास किंवा नापास. त्याच्या थोडं आधी कोविडमुळे इंटरव्ह्यू ऑनलाइन झाले होते. विमानाचं तिकीट आणि हॉटेल यांचा खर्च हा एक नैसर्गिक लगाम होता, तोही गेला. ज्यांचे स्कोअर उत्तम, त्यांना वीस-पंचवीस आमंत्रणं. ते सगळीकडे ‘हो’ म्हणणार. आणि मधल्या फळीतल्या उमेदवाराला, जो खरोखर तिथे जायला तयार आहे, बोलावणंच नाही. प्रोग्रामलाही कळत नव्हतं की समोरचा आपल्याकडे येईल की नुसती संख्या वाढवतोय.

यावरचा उपाय अर्थशास्त्रज्ञांनी आधी स्वतःवरच करून बघितला होता. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६-०७ पासून नोकरी शोधणाऱ्या नव्या पीएचडींना दोन-दोन सिग्नल दिले. फक्त दोनच. पुढे सूह्युंग ली आणि म्युरिएल नीडर्ले यांनी दक्षिण कोरियातल्या एका ऑनलाइन डेटिंगच्या बाजारात प्रयोग केला: प्रत्येकाला मोजके आभासी गुलाब, आवडलेल्या व्यक्तीला विचारताना हवं तर त्यातला एक जोडा. गुलाब जोडलेल्या प्रस्तावांना होकार जास्त मिळाले. गुलाब मोजके होते म्हणूनच त्यांना किंमत होती.

वैद्यकशास्त्रात पहिलं पाऊल ईएनटीने टाकलं. २०२०-२१ च्या हंगामात त्यांनी उमेदवारांना ५ सिग्नल दिले. पुढच्या वर्षी इंटर्नल मेडिसिन, जनरल सर्जरी आणि डर्मॅटॉलॉजी ‘इरास’च्या पूरक अर्जाद्वारे सामील झाल्या, आणि २०२३-२४ पासून सिग्नल मुख्य अर्जातच आले.

कुठल्या शाखेत किती सिग्नल असतात?

आकडे दरवर्षी बदलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या हंगामाची एएएमसीची यादीच बघा. अंदाज यावा म्हणून २०२३-२४ मधले काही: फॅमिली मेडिसिन ५, पीडियाट्रिक्स ५, इंटर्नल मेडिसिन ७ (२०२४-२५ मध्ये १५: ३ गोल्ड, १२ सिल्व्हर), अॅनेस्थेशिया १५ (५ गोल्ड आणि १० सिल्व्हर), रेडिऑलॉजी १२ (६ आणि ६), गायनॅक १८ (३ आणि १५), डर्मॅटॉलॉजी २८ (३ आणि २५), न्यूरोसर्जरी २५, ईएनटी २५, ऑर्थोपेडिक्स ३०. गायनॅकने त्यानंतर इरास सोडून स्वतःची वेगळी अर्जप्रणाली घेतली. प्लास्टिक सर्जरीचीही आपली स्वतंत्र आहे. तेव्हा अर्ज कुठून जातो हेसुद्धा आधी तपासा.

५ आणि ३० यात फरक फक्त संख्येचा आहे का?

नाही. संख्या बदलली की सिग्नलचा अर्थच बदलतो, आणि सल्ला देणारे बहुतेक जण इथेच घसरतात.

लग्नाचं आमंत्रण घ्या. वाडीतल्या पाचच घरी यजमान स्वतः येऊन अक्षता देऊन गेले आणि बाकीच्यांना व्हॉट्सॅपवर पत्रिका आली, तर त्या पाच घरांना विशेष वाटतं आणि बाकीचे मनावर घेत नाहीत. पण वाडीतल्या तीस घरी स्वतः जाऊन आले आणि तुमच्याच दारावरून पुढे गेले, तर तुम्हाला जे कळायचं ते कळतं.

कमी सिग्नलच्या शाखेत सिग्नल असणं ही बातमी असते. नसणं ही बातमी नसते, कारण पाचात न बसणारे पण आवडते प्रोग्राम प्रत्येकाचे असतातच. जास्त सिग्नलच्या शाखेत हे उलटतं. ऑर्थोपेडिक्समध्ये एकेक उमेदवार सत्तर-ऐंशी ठिकाणी सर्रास अर्ज करायचा. २०२२-२३ मध्ये त्या शाखेने ३० सिग्नल दिले, तेव्हा प्रोग्रामने साहजिकच हिशेब केला: याच्या पहिल्या तिसांत मी नाही, मग याला बोलावून काय करू? सिग्नल नसलेल्या अर्जाला आमंत्रण मिळणं तिथे दुर्मीळ झालं. ३० सिग्नल म्हणजे व्यवहारात ३० अर्जांची मर्यादाच, नियमात न लिहिलेली. उमेदवारांनाही हे लवकर उमगलं आणि अशा शाखांमध्ये माणशी अर्ज कमी झाले. अर्जांचा पूर थांबवणं हा हेतू असेल तर जास्त सिग्नलची पद्धत जास्त परिणामकारक ठरली, हे मान्य करावं लागेल. ईएनटी आणि न्यूरोसर्जरीने कमी आकड्यांवरून सुरुवात करून पुढे २५ वर उडी मारली, ती उगाच नाही.

इंटर्नल मेडिसिन मधे अडकलेली शाखा आहे. ५, मग ७, मग १५ असा तिचा प्रवास झाला. पण तिचे प्रोग्राम इतके आहेत की १५ देऊनही ती ‘कमी सिग्नल’च्याच बाजूला राहते. तिथे सिग्नलशिवाय आमंत्रण येतं, भरपूर येतं. आपल्याकडचे बहुसंख्य उमेदवार याच शाखेत अर्ज करतात, म्हणून ऑर्थोच्या अमेरिकन विद्यार्थ्याला दिलेला सल्ला वाचून घाबरू नका.

गोल्ड आणि सिल्व्हर वेगळे कशाला?

संख्या वाढवली की प्रत्येक सिग्नल पातळ होतो. गोल्ड म्हणजे ‘सगळ्यात जास्त रस’, सिल्व्हर म्हणजे ‘रस आहे’. प्रोग्रामला रंग दिसतो. गोल्डवर आमंत्रणाचं प्रमाण सिल्व्हरपेक्षा जास्त आणि सिल्व्हरवर काहीच नसण्यापेक्षा जास्त, हा क्रम एएएमसीच्या आकडेवारीत शाखेगणिक दिसतो.

प्रोग्रामला काय दिसतं?

तुम्ही त्यांना सिग्नल दिला की नाही आणि दिला असेल तर कुठला, एवढंच. आणखी कुणाला दिले, किती शिल्लक ठेवले, दुसऱ्या शाखेत काय केलं, यातलं काही दिसत नाही. इंटरव्ह्यूत ‘आणखी कुठे सिग्नल दिलात?’ असं विचारणं शिष्टसंमत नाही; आणखी कुठे अर्ज केलाय हे विचारायला उमेदवार आणि प्रोग्राम यांची जुळणी (‘मॅच’) करणाऱ्या एनआरएमपी या संस्थेचे नियमही मनाई करतात. कुणी विचारलंच तर हसून ‘तुमच्या प्रोग्रामबद्दल बोलायला जास्त आवडेल’ म्हणा आणि पुढे चला. वाद घालायची ती जागा नव्हे.

सिग्नल दिला की इंटरव्ह्यू मिळतोच का?

मिळतोच असं नाही, शक्यता मात्र चांगलीच वाढते. ईएनटीच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासात सिग्नल दिलेल्या प्रोग्रामकडून आमंत्रण येण्याचं प्रमाण ५८ टक्के होतं आणि न दिलेल्यांकडून १४ टक्के. फरक डोळ्यात भरतो, पण तो सगळा सिग्नलचा समजू नका. उमेदवार सिग्नल देतो तो आपण जिथे शोभतो अशाच ठिकाणी. तिथे त्याला सिग्नल नसतानाही बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा बोलावलं असतं. त्याच अभ्यासात उमेदवारांना ‘आणखी एक सिग्नल असता तर कुठे दिला असता’ हेही विचारलं होतं, आणि त्या प्रोग्रामकडून आमंत्रणाचं प्रमाण २३ टक्के होतं. तुलना करायची तर ५८ ची २३ शी करा. तीही कमी नाही.

आयएमजीला याचा फायदा होतो का?

होतो, पण अमेरिकन विद्यार्थ्याला होतो तसा नाही. अमेरिकन एमडी सीनियरांचं, म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं, मॅच होण्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत ९३ टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आयएमजींचं ५८ टक्क्यांच्या आसपास. अशा आयएमजींमध्ये आधी इंटरव्ह्यू मिळवणारे आणि न मिळवणारे असे दोन गट पडतात, आणि सिग्नल काम करतो तो तिथे, दाराशी.

अडचण अशी की आयएमजीचा अर्ज माणसाच्या डोळ्यांपुढे येण्याआधीच चाळण्यांमधून जातो. व्हिसा: प्रोग्राम जे-वन (प्रशिक्षणाचा) घेतो की एच-वन-बी (नोकरीचा), की दोन्ही नाही. पदवीचं वर्ष: काही ठिकाणी पाच वर्षांहून जुनी पदवी चालत नाही. स्टेप टूचा किमान आकडा. अमेरिकेतल्या कामाचा अनुभव. यांतल्या कुठल्याही चाळणीत तुम्ही अडकत असाल तर गोल्ड सिग्नलसुद्धा तुम्हाला पलीकडे नेत नाही. तो चाळणीतून उरलेल्यांमध्ये काम करतो: तीन हजारांपैकी आठशे उरले आणि बोलवायचे शंभर, तर त्या आठशेंत कुणाचा अर्ज नीट वाचायचा हे ठरवताना. माझ्या मते आयएमजीच्या बाबतीत ‘हा खरंच येईल का?’ ही शंका मोठी असते आणि ती फेडायला सिग्नलसारखं दुसरं साधन नाही. शंभर-दीडशे अर्ज करणाऱ्या परदेशी उमेदवाराला आपलं गाव नकाशावर दाखवता येईल का, असं एखाद्या छोट्या शहरातल्या प्रोग्राम डायरेक्टरला वाटलं तर त्यात वावगं काय? सिग्नल सांगतो की हो, बघून दिलाय.

मग सिग्नल कुणाला द्यायचे?

आधी कुणाला द्यायचे नाहीत ते काढा. ज्यांच्या संकेतस्थळावरच्या रेसिडेंटांच्या यादीत गेल्या तीन वर्षांत एकही आयएमजी दिसत नाही, ते गेले. जे तुम्हाला लागणारा व्हिसा देत नाहीत, ते गेले. ज्यांची पदवीच्या वर्षाची अट तुम्ही ओलांडता, ते गेले. हे सगळं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘फ्रीडा’ या माहितीसंचात, एएएमसीच्या ‘रेसिडेन्सी एक्सप्लोरर’मध्ये आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या पानावर सापडतं. कंटाळवाणं काम आहे, चार-पाच रविवार जातात, पण सिग्नलचं निम्मं शहाणपण यातच आहे. माहितीसंच आणि प्रोग्रामचं पान यांत तफावत असेल तर प्रोग्रामला सरळ ई-मेल करून विचारा.

उरलेल्यांबद्दल स्वतःला विचारा: सिग्नल नसेल तर माझा अर्ज इथे वाचला जाईल का? नक्की वाचला जाणार असेल तर सिग्नलची गरज कमी. सिग्नल देऊनही वाचला जाणार नसेल तर अजिबात नाही. ज्यांचं उत्तर ‘सांगता येत नाही’ असं येतं, सिग्नल तिथे सगळ्यात जास्त कमावतो.

समजा, नागपूरच्या मेडिकलमधून इंटर्नशिप संपवून दोन वर्षं झालेली एक डॉक्टर आहे. स्टेप टू २४८, ओहायोतल्या क्लीव्हलंडला दोन महिने ऑब्झर्व्हरशिप (हॉस्पिटलात नुसतं बघत शिकणं), मोठी बहीण न्यू जर्सीत, व्हिसा जे-वन चालेल, शाखा इंटर्नल मेडिसिन. नामांकित विद्यापीठांच्या प्रोग्रामकडे अव्वल अमेरिकन विद्यार्थ्यांचे गोल्ड जमा होणार. तिथे हिचा सिग्नल बुडतो. मी तिला गोल्ड विद्यापीठाशी जोडलेल्या, पण स्वतः मध्यम आकाराच्या कम्युनिटी हॉस्पिटलांना द्यायला सांगेन, आणि तेही ओहायो आणि न्यू जर्सीतल्या, कारण तिथे सिग्नलला अर्जातलाच पुरावा मिळतो. सिल्व्हरमधले पाच-सहा अशाच धर्तीचे. दोन-तीन थोडे वरच्या दर्जाचे, जिथे रेसिडेंटांमध्ये भारतातून आलेले दिसतात. आणि निदान तीन अशा ठिकाणी, जिथे फारसं कुणी सिग्नल देत नाही: ग्रामीण पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मिशिगनचं एखादं लहान शहर. न्यूयॉर्कच्या प्रोग्रामला आयएमजींचे सिग्नल पोत्याने मिळतात. गर्दी नसलेल्या ठिकाणी तोच सिग्नल ठळक दिसतो. अट एकच, तिथे तीन वर्षं राहायची तयारी खरोखर हवी. इंटरव्ह्यूत ‘आमच्याकडेच का?’ हा प्रश्न येणार आहे आणि उत्तर पाठ केलेलं असेल तर ते कळतं.

एक गोल्ड स्वप्नातल्या हॉस्पिटलला दिला तर?

तीनांपैकी एक म्हणजे तिसरा हिस्सा. मी देणार नाही. अगदीच राहवत नसेल तर सिल्व्हर द्या.

जिथे ऑब्झर्व्हरशिप केली तिथेही सिग्नल द्यायचा का? ते तर मला ओळखतात.

ओळखणारा डॉक्टर आणि अर्ज चाळणारी समिती ही वेगवेगळी माणसं असू शकतात. तुमचं पत्र लिहिणारा त्या प्रोग्रामच्या फॅकल्टीत असेल आणि ‘मी डायरेक्टरशी बोलेन’ असं म्हणाला असेल तर सिग्नल वाचवता येईल. नुसतं त्या इमारतीत महिनाभर वावरला असाल तर द्या. कारण तिथे काम करूनही सिग्नल दिला नाही, याचा अर्थ ‘बघितलं आणि आवडलं नाही’ असाही घेतला जाऊ शकतो. स्वतःच्या कॉलेजच्या किंवा रोटेशन केलेल्या प्रोग्रामला सिग्नल द्यावा का, याबाबत शाखांच्या सूचना वेगवेगळ्या आहेत: जास्त सिग्नलवाल्या शाखा साधारणपणे ‘द्या’ म्हणतात. त्या वर्षीची सूचना वाचूनच ठरवा.

भौगोलिक पसंती हा आणखी एक सिग्नलच ना?

जवळपास. इरासमध्ये अमेरिकेचे नऊ विभाग आहेत, त्यांतले जास्तीत जास्त तीन निवडता येतात आणि का, तेही थोडक्यात लिहिता येतं. निवडलेल्या विभागातल्या प्रोग्रामनाच ती निवड दिसते. ‘कुठेही चालेल’ असंही कळवता येतं. आयएमजी बऱ्याचदा घाईने ‘कुठेही’ टाकतात. ते खरं असेलही, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही. बहीण, नवरा, जुनी ऑब्झर्व्हरशिप, एखाद्या विशिष्ट प्रकारच्या रुग्णसेवेत काम करायची इच्छा, असं काही असेल तर विभाग निवडा आणि दोन साध्या वाक्यांत कारण लिहा. सिग्नल आणि भौगोलिक पसंती एकमेकांना छेद देणार नाहीत एवढं बघा. गोल्ड टेक्सासला आणि पसंतीच्या विभागांत टेक्सासचं नाव नाही, असले अर्ज जातात.

दोन शाखांमध्ये अर्ज करतोय. सिग्नल वाटून घ्यावे लागतात का?

नाही. प्रत्येक शाखेचे वेगळे मिळतात.

सिग्नल जिथे दिले तिथेच अर्ज करू की शंभर ठिकाणी?

ऑर्थो, ईएनटी, न्यूरोसर्जरीत सिग्नलच्या संख्येपलीकडे फार पुढे जाण्यात अर्थ उरलेला नाही. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स इथे आयएमजीने फक्त सिग्नलपुरते अर्ज करणं धोक्याचं आहे, कारण आमंत्रणांचा मोठा वाटा सिग्नल नसलेल्या ठिकाणांहूनही येतो.

पैशांचा हिशेब मात्र करा. २०२४-२५ च्या दरांनुसार एका शाखेत पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर. म्हणजे ३० अर्ज ३३० डॉलरमध्ये, पण १०० अर्ज २,४३० डॉलरमध्ये. एकतीसाव्यापासून किंमत जवळजवळ तिप्पट होते, हा इशारा समजा. दीडशे अर्जांपैकी शेवटचे पन्नास साधारणपणे अशा प्रोग्रामना जातात ज्यांच्या चाळणीत आपण मुळात बसतच नाही. आधी सांगितलेले रविवार घालवले तर ते पन्नास आपोआप गळतात आणि दीड हजार डॉलर वाचतात.

पाठवल्यावर सिग्नल बदलता येतो का?

नाही. अर्ज करायला सप्टेंबरच्या सुरुवातीपासून मुभा असते आणि प्रोग्रामना अर्ज दिसायला लागतात ते महिनाअखेरीस. २०२४ मध्ये ती तारीख २५ सप्टेंबर होती. त्याआधी केव्हाही पाठवलेले सगळे अर्ज एकाच वेळी उघडतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी पाठवण्याची शर्यत लावू नका. उरलेले दिवस सिग्नलची यादी पुन्हा तपासायला वापरा.

ज्यांना सिग्नल दिला त्यांनाच रँक लिस्टमध्ये वर ठेवायला हवं का?

अजिबात नाही. सिग्नल म्हणजे वचन नव्हे. इंटरव्ह्यूत वातावरण पटलं नाही, रेसिडेंट दमलेले आणि कडवट वाटले, तर गोल्ड दिलेला प्रोग्रामही खाली ढकला. एनआरएमपीचा अल्गोरिदम १९९८ पासून उमेदवाराच्या बाजूने चालतो: तुमच्या यादीतल्या पहिल्या प्रोग्रामपासून तो तुमच्यासाठी जागा शोधत खाली येतो. तो नव्याने बांधणाऱ्या अॅल्विन रॉथ यांना आणि या प्रकारच्या जुळणीचा पाया घालणाऱ्या लॉइड शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या अल्गोरिदममध्ये मनातला खरा क्रम लिहिणं हीच उत्तम चाल असते. सिग्नलमध्ये डोकं लढवावं लागतं, रँक लिस्टमध्ये लढवू नये. बरेच जण नेमकं उलट करतात.

प्रोग्रामनेही सिग्नल बघून रँक लावू नये, अशी सूचना आहे. माणसं आहेत, नजरेसमोरचं विसरत नाहीत. पण त्याचा हिशेब करत बसण्यासारखं तुमच्या हातात काही नाही.

सिग्नल दिलाच आहे, वर ‘लेटर ऑफ इंटरेस्ट’ पाठवू का?

सिग्नल आल्यापासून इंटरव्ह्यूआधीच्या अशा ई-मेलचं वजन घटलंय. सिग्नल न देता ‘तुमचा प्रोग्राम माझी पहिली पसंती आहे’ असं लिहिणं तर हास्यास्पद दिसतं, कारण सिग्नल नाही हे त्यांना दिसतंय. नवं काही घडलं असेल, म्हणजे पेपर स्वीकारला गेला किंवा स्टेप थ्री पास झाली, तर तीन ओळींत कळवा.

पैसे घेऊन सिग्नलची यादी करून देणाऱ्यांकडे जावं का?

त्यांच्याकडे आहे ती माहिती फ्रीडावर आणि प्रोग्रामच्या पानांवरही आहे. शिवाय एकच यादी ते किती जणांना देतात? चाळीस गिऱ्हाइकांनी त्याच दहा प्रोग्रामना गोल्ड दिले तर तुम्ही पैसे मोजून गर्दी विकत घेतलीत. त्यापेक्षा केईएम, बी.जे., ग्रँट किंवा गोवा मेडिकल कॉलेजमधून गेल्या दोन-तीन वर्षांत मॅच झालेल्यांना शोधा आणि ‘कुठे सिग्नल दिला नव्हता तरी बोलावलं?’ हे विचारा. ‘कुठे मॅच झालात?’ यापेक्षा हा प्रश्न जास्त माहिती देतो.

या पद्धतीमुळे निवड जास्त न्याय्य झाली का?

प्रोग्रामसाठी सोपी झाली, हे नक्की. अर्जांचा ढीग कमी झाला, काही ठिकाणी खोलवर वाचणं सुरू झालं. सरासरी स्कोअरच्या पण मनापासून इच्छा असलेल्या उमेदवाराला बोलण्याची संधी मिळाली, हाही खरा फायदा. पण सिग्नल नीट वापरायला आपण कुठे बसतो याचा अचूक अंदाज लागतो. अमेरिकन कॉलेजात तो सांगायला डीन आहेत, विभागातले सल्लागार आहेत, स्वतःच्या कॉलेजचाच प्रोग्राम आहे. सांगलीच्या किंवा आंबेजोगाईच्या मुलाकडे टेलिग्रामचा ग्रुप आहे. आकड्यांची चाळणी क्रूर होती, पण निदान दिसत तरी होती. सिग्नलच्या चाळणीत माहिती असलेला जिंकतो, आणि माहिती सारखी वाटलेली नाही. प्रोग्रामनी गेल्या वर्षी किती सिग्नल आले आणि त्यांतल्या किती आयएमजींना बोलावलं, हे आपणहून जाहीर केलं तर ही दरी बरीच बुजेल. काही थोडे करतात. सगळ्यांनी करायला हवं.

मॅच झाला नाही तर सोपमध्ये किंवा पुढच्या वर्षी जुने सिग्नल धरतात का?

मॅचच्या आठवड्यात उरलेल्या जागांसाठी जी ‘सोप’ची फेरी होते, तिच्यात सिग्नल नसतात. पुढच्या हंगामात सगळे सिग्नल नव्याने मिळतात, मागचे पुढे सरकत नाहीत. ज्या प्रोग्रामने गेल्या वर्षी सिग्नल असूनही बोलावलं नाही, तिथे तोच अर्ज घेऊन पुन्हा सिग्नल देऊ नका. मधल्या काळात स्टेप थ्री झाली, तिथल्याच राज्यात कामाचा अनुभव मिळाला किंवा प्रोग्रामने व्हिसाचं धोरण बदललं, तर त्याला पुन्हा यादीत घ्या. आणि ज्याने सिग्नल नसताना बोलावलं होतं, इंटरव्ह्यूही बरा झाला होता, त्याला या वेळी सिग्नल द्यायला विसरू नका.